पोखरलेली छाया : वुस्टर शहरातील वृक्षांची फेरलागवड

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वुस्टर शहरात ऑगस्ट २००८मध्ये एका रहिवासी महिलेला घराच्या आवारात एक मोठा, काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा दिसला. तिने तो पकडून संबंधित अधिकाऱ्यांना कळवले. तो निघाला आशियाई दीर्घशृंगी भुंगेरा, अर्थात अ‍ॅनोप्लोफोरा ग्लाब्रिपेनिस. तपासणी सुरू झाली तेव्हा असे आढळले की ही कीड शहरात नव्याने आलेली नव्हती. किमान दशकभर ती तेथे नांदत होती. हजारो खोडांवर तिची छिद्रे होती आणि त्याच झाडांखालून रोज माणसे ये-जा करीत होती.

कोकणातील आंबा बागायतदार ज्याला भिरूड म्हणतात, त्या बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटाच्याच कुळातील हा भुंगेरा आहे. प्रौढाची लांबी दोन ते साडेतीन सेंटिमीटर. शृंगिका शरीराहून लांब आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. मादी सालीत खळगा कुरतडून त्यात एक अंडे घालते. अळी प्रथम सालीखालचा रसवाही थर खाते आणि नंतर गाभ्यात शिरते. एक-दोन वर्षांनी प्रौढ बाहेर पडतो, तेव्हा मागे उरते पेन्सिल आत जाईल एवढे गोल छिद्र. तोपर्यंत झाड बाहेरून हिरवेगार दिसू शकते. इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक खोडात किंवा मुळांशी टोचल्यास निरोगी झाडाला संरक्षण मिळते. गाभा पोखरलेल्या झाडाला मात्र त्याचा उपयोग नाही. अशी झाडे तोडून त्यांचा भुगा करणे एवढाच मार्ग उरतो.

मूळच्या चीन व कोरियातील या किडीने अमेरिकेत प्रवेश केला तो मालाच्या लाकडी खोक्यांमधून. १९९६मध्ये ती प्रथम न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे आढळली. पॅकिंगच्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवण्याची जी आंतरराष्ट्रीय अट आज भारतीय निर्यातदारांनाही पाळावी लागते, तिच्यामागे अशाच खोडकिड्यांचा अनुभव आहे.

परंतु वुस्टरची हानी एवढी मोठी का झाली, याचे उत्तर एकट्या भुंगेऱ्यात सापडत नाही. या शहराने आपले छत्र याआधीही गमावले होते. सप्टेंबर १९३८च्या चक्रीवादळाने असंख्य वृक्ष पाडले. रस्त्यांवर कमान धरणारे एल्म वृक्ष डच एल्म रोगाने गेले. त्या रोगाची बुरशी पसरवणारेही सालीतले भुंगेरेच. ९ जून १९५३ रोजी आलेल्या टॉर्नेडोने ९४ बळी घेतले आणि शहराचा उत्तर भाग उजाड केला. प्रत्येक वेळी लोकांनी पुन्हा झाडे लावली, आणि ती बहुतांशी मेपलची लावली. नॉर्वे मेपल झपाट्याने वाढतो, धूर व दुष्काळ सोसतो आणि दाट सावली देतो. निवड चुकीची नव्हती. प्रमाण चुकीचे होते. कारण या भुंगेऱ्याला सर्वाधिक प्रिय यजमान कोणता असेल, तर मेपल.

निर्मूलन मोहिमेत वुस्टर परिसरातील ३६ हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सुमारे २८५ चौरस किलोमीटर क्षेत्रातून जळाऊ लाकूड बाहेर नेण्यावर निर्बंध आले. डिसेंबर २००८च्या हिमवादळाने मोडलेल्या फांद्यांचे ढीग रस्त्यांवर पडले होते आणि त्यांतील प्रत्येक फांदी कीड वाहून नेऊ शकत होती. बर्नकोट व ग्रीनडेल या वस्त्यांमध्ये बाधित झाडांबरोबर बाधेचा धोका असलेली निरोगी झाडेही काढली गेली. आजोबांनी लावलेले, एकही छिद्र नसलेले झाड तोडू देणे हा लोकसहभागाचा सर्वांत कठीण भाग होता. वृक्षारोपणाच्या सोहळ्यांत त्याची कल्पना येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात या वस्त्यांतील रस्ते उघडे पडले. छत्र गेलेल्या भागांत भूपृष्ठाचे तापमान वाढल्याचे क्लार्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नोंदवले.

२००९च्या प्रारंभी ‘वुस्टर ट्री इनिशिएटिव्ह’ ही लोकसंस्था उभी राहिली. पाच वर्षांत ३० हजार झाडे लावण्याचे उद्दिष्ट तिने राज्य शासनाच्या वनविभागाच्या साथीने गाठले. शहरी छत्राचा मोठा हिस्सा खासगी अंगणात असतो आणि तेथे पालिकेचा हात पोहोचत नाही. म्हणून झाड विनामूल्य, पण ते जोपासण्याची जबाबदारी घरमालकाची, असा व्यवहार ठेवला गेला. पहिली दोन-तीन वर्षे पाण्याचीच असतात. नव्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण ७५ लिटर पाणी लागते. ते कोण घालणार, हे खड्डा खणण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. लागवडीसाठी ओक, लिंडेन, गिंको यांसारख्या, या भुंगेऱ्याचे यजमान नसलेल्या जाती निवडल्या गेल्या.

वेळीच लक्ष गेले तर काय घडते, हे जवळच्या बॉस्टनमध्ये दिसले. जुलै २०१०मध्ये तेथे अर्नोल्ड वृक्षोद्यानासमोरील एका रुग्णालयाच्या आवारात हीच कीड सापडली, पण अवघ्या सहा झाडांवर. ती काढली गेली, परिसरावर सतत नजर ठेवली गेली आणि २०१४मध्ये बॉस्टन कीडमुक्त जाहीर झाले. आज त्या भागात ऑगस्ट महिन्यात नागरिकांना झाडे तपासण्याचे आवाहन केले जाते. पोहण्याच्या तलावांच्या गाळण्यांत अडकलेले भुंगेरेही पाहण्यास सांगितले जाते. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे.

भारतीय शहरांनाही एकाच जातीवर भिस्त ठेवण्याची खोड आहे. मुंबईतील वर्षावृक्ष गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मोठ्या संख्येने वाळले. बुंध्याभोवती आवळलेल्या काँक्रीटने ती झाडे आधीच दुबळी केली होती. दिल्ली व पुण्याच्या रस्त्यांवर आज सातवीण त्याच उत्साहाने लावलेली दिसते. देशी जात म्हणजे निर्धोक जात, असेही नाही. २०२१पासून तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर करपले. त्यामागे फोमोप्सिस बुरशी होती आणि तिच्या जोडीला टी मॉस्किटो बग. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९०मध्ये सुचवलेला नियम असा, की शहरात एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नसावीत. त्यातही त्रुटी आहेत, कारण काही किडी कुळाची सीमा पाळत नाहीत. तरीही प्रभागाची वृक्षगणना हाती असलेल्या कोणत्याही गटाला त्यावर आपल्या रस्त्याची परीक्षा एका दुपारी घेता येते.

पाहणीसाठी फार ज्ञान लागत नाही. बुंध्याशी साचलेला लाकडाचा भुस्सा, खोडातून पाझरणारा रस, गोल छिद्रे, फांद्यांच्या बेचक्यांतील पांढरा कापसासारखा थर, चिकट स्रावावर आलेली काळी बुरशी आणि अवेळी विरळ झालेला शेंडा, एवढे ओळखता आले तरी पुरे. छायाचित्र व झाडाचे ठिकाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावे. नमुना हवाबंद डबीत ठेवावा. बाधित फांद्या मात्र दुसऱ्या वस्तीत नेऊन टाकू नयेत. त्या जागेवरच नष्ट कराव्यात.