खेळाडू पाहुणे, मैदान गावाचे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी असलेल्या सेंट पॉल शहरात लोअरटाउन नावाचा जुन्या गोदामांचा भाग आहे. रेल्वेच्या भरभराटीच्या काळात उभ्या राहिलेल्या तिथल्या विटांच्या इमारतींत आता चित्रकार राहतात आणि काम करतात, मधल्या चौकात शेतकरी बाजार भरतो आणि त्याला लागूनच 2015 साली सुरू झालेले सीएचएस फील्ड हे बेसबॉलचे मैदान आहे. आसने सात हजारांच्या थोडी वर. नाव शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेचे, मालकी शहराची. इथे खेळणारा सेंट पॉल सेंट्स हा संघ आज मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या मिनेसोटा ट्विन्सचा दुय्यम संघ आहे. पण 1993 ते 2020 या काळात त्याच्या डोक्यावर कोणताही मोठा संघ नव्हता. हे मैदान उभे राहिले ते त्या स्वतंत्र काळाच्या बळावर. संघ गावाचा कशाने होतो, याचे उत्तर शोधायचे तर सेंट पॉलचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेत छोट्या शहरांतले बहुतेक व्यावसायिक बेसबॉल संघ कुठल्या ना कुठल्या मेजर लीग संघाशी करारबद्ध असतात. खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो आणि कोणाला कधी वर बोलवायचे, हेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हाती तिकीटविक्री, खाणेपिणे आणि जाहिरात एवढेच उरते. या व्यवस्थेचा फायदा आणि फटका दोन्ही सेंट पॉलने अनुभवले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट्स नावाचाच संघ तिथे होता आणि पुढे तो ब्रुकलिन डॉजर्सशी जोडला गेला. 1948 मध्ये डॉजर्सनी रॉय कॅम्पानेला या कृष्णवर्णीय कॅचरला काही आठवडे तिथे धाडले आणि सेंट्स खेळत असलेल्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. शहराला अभिमान वाटावा असा तो प्रसंग, पण निर्णय मात्र शहराबाहेर झालेला. 1961 मध्ये वॉशिंग्टनचा मेजर लीग संघ ट्विन्स हे नाव घेऊन मिनेसोटात आला, तेव्हा जुन्या सेंट्सना गाशा गुंडाळावा लागला. हा निर्णयही सेंट पॉलला विचारून झाला नव्हता.

1993 मध्ये माइल्स वुल्फ यांनी नॉर्दर्न लीग ही स्वतंत्र स्पर्धा उभी केली आणि सेंट्स हे नाव नव्या संघाच्या रूपाने परतले. मालकांत अभिनेता बिल मरे होता, तर कारभाराची सूत्रे माइक वीक यांच्याकडे होती. 1979 मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्याची कल्पना याच वीक यांची. तिथे प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला आणि वीक पुढे बरीच वर्षे मोठ्या बेसबॉलपासून दूर राहिले. नव्या संघाला मिळालेले मिडवे स्टेडियम साधे होते आणि कुंपणापलीकडून मालगाड्या धडधडत जायच्या. शेजारच्या मिनियापोलिसमध्ये मात्र 1987 आणि 1991 असे दोनदा वर्ल्ड सीरिज जिंकलेले ट्विन्स होते. इतका तगडा शेजारी असताना पैसे मोजून मिडवेवर यायचे कशाला, याचे उत्तर संघाला दर सामन्याला द्यावे लागे. ट्विन्स छपराखाली, कृत्रिम हिरवळीवर खेळत. सेंट्सनी मोकळे आकाश दिले. पंचांकडे चेंडू पोचवणारे डुकराचे पिल्लू, प्रेक्षकांत बसून मालिश करून देणारी एक नन, गाड्या लावण्याच्या जागेतच पेटलेल्या शेगड्या, अशी ती जत्रा होती. वरून पैसा येणार नसल्यामुळे समोरच्या माणसाला राजी ठेवण्यावाचून या संघाला दुसरा मार्गच नव्हता.

यावर बेसबॉलच्या जाणकारांचा आक्षेप ठरलेला असे: ही सर्कस आहे, खेळ नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. स्वतंत्र संघाचा दर्जा मोठ्या संघांच्या वरच्या दुय्यम संघांइतका नसतो. पण बंद व्यवस्थेने ज्यांना दार लावले होते, त्यांना खेळायला जागा मिळाली ती अशाच ठिकाणी. नाव बदनाम झालेला डॅरिल स्ट्रॉबेरी 1996 मध्ये इथे आला, 29 सामन्यांत त्याने 18 होम रन ठोकले आणि त्याच वर्षी यांकीजकडून वर्ल्ड सीरिज जिंकली. 1997 मध्ये आयला बॉर्डर्स या तरुणीने सेंट्सच्या गणवेशात पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये चेंडू टाकला. त्याच वर्षी जे. डी. ड्रू याने फिलाडेल्फियाच्या मेजर लीग संघाने देऊ केलेली रक्कम नाकारली आणि तो सेंट पॉलला येऊन खेळला. खेळाडूने ‘नाही’ म्हणायचे ठरवले तर त्याला जाण्याजोगी दुसरी जागा आहे, हे त्याने दाखवून दिले. 2003 मध्ये जुना खेळाडू मिनी मिन्योसो सत्तरी ओलांडल्यावर बॅट घेऊन उभा राहिला. ही शेवटची गोष्ट निव्वळ तमाशा म्हणून सोडून देता येईल. पहिल्या तिन्हींना मात्र बेसबॉलच्या इतिहासातच जागा द्यावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झालेल्या सीएचएस फील्डचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून आला. जुन्या कारखान्याच्या जागेत प्रदूषित माती निघाल्याने खर्च आणखी फुगला. खासगी मालकांच्या धंद्यासाठी करदात्याने का झळ सोसावी? अमेरिकेतल्या अनेक मैदानांच्या बाबतीत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. सेंट पॉलची बाजू दोन कारणांनी बरी ठरते. पहिले, शहराने पैसे देऊन मालमत्ता स्वतःकडे ठेवली, आणि विद्यापीठाचे, शाळांचे संघही या मैदानावर खेळतात. दुसरे, मागणी आधी सिद्ध झाली होती. मिडवेवर दोन दशके टिकलेला प्रेक्षक नव्या मैदानात पहिल्याच हंगामात चार लाखांच्या पुढे गेला, आणि तेही संघ स्वतंत्र असताना. भविष्यात कुणीतरी येईल या आशेवर हा खर्च झालेला नव्हता.

मग 2021 मध्ये हे स्वातंत्र्य सोडले कशाला? मेजर लीगने दुय्यम संघांची संख्या 160 वरून 120 वर आणली, चाळीसेक शहरांनी आपली जागा गमावली, आणि त्याच फेरबदलात सेंट्सना वरच्या पायरीवर आमंत्रण मिळाले. स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांना ही शरणागती वाटू शकते. 2023 मध्ये अनेक दुय्यम संघांची मालकी असलेल्या एका कंपनीने सेंट्स विकत घेतल्याने ती शंका आणखी बळावते. तरीही 1961 आणि आजची परिस्थिती सारखी नाही. तेव्हा संघ गेला आणि शहराच्या हातात वाटाघाटीला काहीच राहिले नाही. आज ट्विन्सच्या मैदानापासून लोअरटाउनपर्यंत एकच लाइट रेल धावते. खेळाडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हलवले जातात, पण मैदान शहराचे आणि प्रेक्षक संघाने स्वतः जमवलेला. उद्या करार मोडला, तरी स्वतंत्र लीगचा रस्ता सेंट पॉलला माहितीचा आहे. चालवायला घेतलेली गोष्ट आणि मालकीची गोष्ट यांतला फरक अडचणीच्या वेळी कळतो. ज्या शहरांना आपला संघ टिकवायचा आहे, त्यांनी खेळाडूंच्या नावांआधी जमिनीचा कागद कोणाच्या नावावर आहे, ते पाहावे.