शाळेचं बिल कोणाच्या नावावर?

पुण्यात वन बीएचके घेतला की दोन गोष्टी मागे लागतात. एक ईएमआय आणि दुसरं महापालिकेचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. ईएमआयचा आकडा तोंडपाठ असतो, बिल मात्र आपण न वाचताच ऑनलाइन भरून टाकतो. मीही तेच करायचो. यंदा पहिल्यांदाच ते ओळ न् ओळ वाचलं, कारण गावच्या ग्रामसभेत माझी चांगलीच शोभा झाली होती.

गाव पिंपळनेरजवळ. तालुका साक्री, जिल्हा धुळे. एका अंगाला पांझरा आणि लाटीपाडा धरण, पश्चिमेला डोंगर आणि आदिवासी पाडे. बाबा गेल्यापासून घराला कुलूप आहे. २०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, लाँग वीकेंड मिळाला, म्हटलं घर झाडून येऊ. झेंडावंदन झालं आणि नाना म्हणाले, ‘‘चल, ग्रामसभेला बस. तुम्ही शहरातली पोरं नुसतीच टीव्हीवर डिबेट बघता.’’

विषय होता शाळेच्या लाइट बिलाचा. जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात मोठा स्क्रीन, पण बिल थकल्यामुळे कनेक्शन तोडलेलं. स्क्रीनवर टॉवेल टाकलेला, धूळ बसू नये म्हणून!

या स्क्रीनचीही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे मूळ धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी दहा वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या शाळा डिजिटल करायचा ध्यास घेतला. गावानं लोकवर्गणी काढायची, उरलेला वाटा ते घालणार, असा फंडा. सुमारे १,१०० जिल्हा परिषद शाळांपर्यंत ही मोहीम पोचली. आमच्याकडेही लोकांनी उत्साहानं पैसे दिले. पण वर्गणी एकदा निघते, बॉस. बिल दर महिन्याला येतं.

मग ते भरायचं कोणी? शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, त्यामुळे गाव श्रीमंत असो की गरीब, पगाराची चिंता नाही. बिल, नळ, कंपाउंड अशा किरकोळ वाटणाऱ्या खर्चासाठी मात्र हेडसर शेवटी ग्रामपंचायतीच्या दारात जातात. आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे तिच्या हद्दीत जे उभं आहे त्यावरचा कर. कुठं बंगले आणि दुकानं, कुठं पवनचक्क्या, कुठं नुसती मातीची घरं.

एक काका उठले. ‘‘शाळेत निम्मी पोरं पलीकडच्या पाड्यावरची. पाडा दुसऱ्या ग्रामपंचायतीत. त्यांच्या लाइटीचे पैसे आपण का भरायचे?’’

खरं सांगू? मला त्यांचं म्हणणं पटलं. आपल्या सोसायटीतही बाहेरच्या गाड्या पार्क झाल्या की आपण असंच बोलतो.

पाड्यावरची एक बाई शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून आली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमना पाडामा घरे मातीना. घरपट्टी कितली येई? पन पोरेसले लाइट तेवढीच लागस ना भाऊ?’’

सभा गप्प.

टेक्ससमध्येही हेच

तुमचा एखादा मित्र अमेरिकेत घर घेत असेल तर त्याला विचारा, आधी काय बघतोस? तो सांगेल, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. तिथं शाळेचा मोठा खर्च त्या भागातल्या घरांवरच्या करातून चालतो. टेक्ससच्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन डिस्ट्रिक्ट. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गरीब एजवूडमध्ये १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. तरी एका मुलामागे खर्च होत होता एजवूडमध्ये ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्समध्ये ५९४. म्हणजे जास्त दरानं कर भरूनही गरिबांच्या हाती कमीच! पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पण भांडण मिटलं नाही. १९९३ मध्ये टेक्ससनं श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या पैशातला वाटा गरिबांकडे वळवणारा कायदा केला. लोक त्याला ‘रॉबिन हूड’ म्हणतात.

आपल्याकडे रॉबिन हूड आधीच छापलेला आहे, आपल्याच बिलावर. पुण्याच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये शिक्षण कराच्या दोन ओळी असतात. एक महापालिकेचा, तो शहरातच राहतो. दुसरा शासनाचा. १९६२ च्या कायद्यानं बसवलेला हा कर महापालिका गोळा करते आणि राज्याकडे देते. त्याच राज्याच्या तिजोरीतून आमच्या पाड्याच्या गुरुजींचा पगार होतो. एक ओळ हद्दीवर थांबते, दुसरी हद्द ओलांडते. त्या दुसऱ्या ओळीबद्दल मी आजवर एकदाही कुरकुर केलेली नाही. मग गावाच्या वेशीवर आल्यावरच मला ‘त्यांची पोरं’ आणि ‘आपली पोरं’ का दिसावीत?

आता हा प्रश्न आणखी टोकदार होणार. पिंपळनेर आता नगरपरिषद आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तिथं मतदानही झालं. पाड्यावरचा माणूस बाजार पिंपळनेरला करतो, त्याच्या पैशावर तिथली दुकानं चालतात, पण त्या दुकानांचा कर पाड्याच्या ग्रामपंचायतीत जाणार नाही.

आणि माझी शोभा

शेवटी ठरलं असं : बिल दोन्ही ग्रामपंचायतींनी वाटून घ्यायचं, पण मुलांच्या डोक्यागणिक नाही, तर घरपट्टीच्या वसुलीच्या प्रमाणात. ज्याची वसुली जास्त त्याचा वाटा जास्त. पलीकडे तसं पत्र पाठवायचं. काका नाराज होते, पण त्यांनीही हात वर केला. ‘‘आधी आपली थकबाकी तर वसूल करा!’’ एवढं मात्र ते बोललेच.

भाऊसाहेबांनी यादी काढली. तिसरं नाव माझ्या बाबांचं. चार वर्षांची घरपट्टी, २,५६० रुपये.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुण्यात महिन्याला कॉफीवर याहून जास्त उडवणारा मी, बाबांना थकबाकीदार करून बसलो होतो. तेही ते गेल्यावर. बाबांनी हयातीत एक वर्षही पट्टी चुकवली नव्हती.

तिथल्या तिथं पैसे भरले. पावती बाबांच्याच नावानं फाडायला सांगितली. बाहेर पडताना ती समितीवरची बाई भेटली. तिनं विचारलं, ‘‘लाइट दिवाळीलोंग येई ना भाऊ?’’

दिवाळीला गेलो तेव्हा टॉवेल निघाला होता.

तुमचंही गावी एखादं कुलूपबंद घर असेल, तर पुढच्या लाँग वीकेंडला ग्रामपंचायतीत एक चक्कर टाका. यादीत तिसरं नाव कोणाचं आहे, बघून या.