काळ्या पडद्यामागची कचेरी

भोपाळच्या टी. टी. नगरातून एका वाचकांनी विचारले आहे की, ऐन पावसाळ्यात काही दिवस बंद राहिलेल्या लॅपटॉपचे बटण दाबताच दिवा लागतो, पंखाही क्षणभर फिरतो, परंतु पडदा मात्र काळाच राहतो. दुरुस्ती करणाऱ्याने ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल देऊन टाकला आहे, तो मान्य करावा काय? निकाल कदाचित खराही असेल. परंतु पुराव्यावाचून तो मान्य करू नये, आणि पुरावा गोळा करण्याची बरीचशी सोय त्या यंत्रातच करून ठेवलेली असते.

राजधानीच्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्यांना कचेरीचा शिरस्ता समजावून सांगायला नको, आणि लॅपटॉप सुरू होणे म्हणजे एक कचेरी उघडणेच होय. रात्रभर जागा असतो तो मुख्य प्रोसेसर नव्हे, तर ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाचा एक दुय्यम पहारेकरी. बटणाची वर्दी प्रथम त्याच्याकडे जाते. मग अडॅप्टरकडून येणाऱ्या सुमारे १९ व्होल्टांपासून ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि प्रोसेसरच्या गाभ्यासाठी सुमारे १ व्होल्ट असे निरनिराळे दाब ठरलेल्या क्रमाने तयार होतात, आणि ते सर्व स्थिर झाल्याचा दाखला मिळेपर्यंत प्रोसेसर साहेबांना दारातच थोपवून धरले जाते. आत येताच त्यांना पहिला हुकूम वाचावा लागतो तो एका लहानशा फ्लॅश चिपमधून. कारण रॅम, म्हणजे ज्यावर लिहायचे ते मेजच, अजून मांडलेले नसते. तोवर हे साहेब स्वतःच्या कॅशच्या इवल्याशा जागेत लिहून वेळ निभावतात, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते!

येथेच काळ्या पडद्याचे एक कारण सापडते. पडद्यावर तक्रार मांडायची तर बहुधा आधी रॅम हजर हवी. रॅमच गैरहजर असेल तर यंत्र मुके होते, आणि म्हणून अनेक उत्पादकांनी दिव्याची ठरावीक उघडझाप किंवा ठरावीक ‘बीप’ अशी सांकेतिक भाषा योजली आहे. ती मोजून उत्पादकाच्या पुस्तिकेतील कोष्टकाशी ताडून पाहिली, तर अर्धा तपास तेथेच पुरा होतो.

त्या फ्लॅश चिपमधील लेखनाला आजही लोक सवयीने ‘बायोस’ म्हणतात, वास्तविक बहुतेक यंत्रांत आता तेथे ‘युईएफआय’ नांदते. ‘बायोस’ हे नाव आणि त्यामागची कल्पना गॅरी किल्डॉल यांची. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या शिक्षणसंस्थेत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १९७४ च्या सुमारास ‘सीपी/एम’ ही प्रणाली रचली, आणि पुढे तिच्यातील यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला ‘बायोस’ म्हटले. त्यामुळे बाकीची प्रणाली जशीच्या तशी निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांवर चालू लागली. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि वैभव मायक्रोसॉफ्टच्या पदरी पडले. किल्डॉल यांच्या वाट्याला मात्र, पीसीसाठी प्रणाली शोधत आयबीएमची माणसे दारी आली असता ते विमान उडवायला निघून गेले होते, ही आख्यायिका तेवढी उरली. ते कामासाठीच गेले होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९९४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते वारले. ज्याच्या विचारावर जगातील व्यक्तिगत संगणकांची एक पिढी उभी राहिली, त्याची ओळख एका हुकलेल्या भेटीपुरती उरावी, हा उघड अन्याय आहे.

आता वाचकांच्या यंत्राकडे वळू. प्रथम अंधारात पडद्यावर विजेरी तिरपी धरावी. अंधूक चित्र दिसले तर मदरबोर्ड जिवंत असून दोष पडद्यामागच्या प्रकाशाचा आहे. बाहेरचा मॉनिटर जोडल्यास हीच परीक्षा अधिक पक्की होते. नंतर अडॅप्टर काढून, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढून, बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे: हा मंत्रतंत्र नव्हे, कपॅसिटरांत उरलेला विद्युत्भार निघून जावा आणि अर्धवट हुकमावर अडकलेला पहारेकरी पुन्हा पहिल्यापासून कामाला लागावा, एवढाच हेतू. तेवढ्याने भागले नाही तर रॅमची पट्टी काढून, संपर्क पुसून, नीट बसवावी. ओलसर हवेत हे संपर्क मळतात. पट्टी बसवल्यावर नवी यंत्रे मेमरी जुळवण्यात मिनिटभरही पडदा काळा ठेवतात, तेव्हा घाईने वीज तोडू नये. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र यांतले काहीही घरी करू नये.

उत्पादकाचे चिन्ह उमटून पुढे गाडी अडत असेल तर प्रकरण निराळे: दोष सॉफ्टवेअरचाही असू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली, तेव्हा त्यांचे मदरबोर्ड ठणठणीत होते.

आणि बोर्ड खरोखरच गेला असला, तरी माहिती साठवणारी एसएसडी बहुधा सुटी काढता येते व दुसऱ्या यंत्राला जोडून वाचता येते. ती विंडोजच्या ‘बिटलॉकर’ या सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते, आणि ते खाते दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून उघडता येते. जुना लॅपटॉप दुकानात सोडण्यापूर्वी ती नोंद शोधून ठेवावी.