बीज, क्षेत्र आणि प्रेम : आधुनिक नाटकातील अपत्यहीनता व पुरुषत्वाची कल्पना

अपत्यहीनता हा मराठी नाटकाला अपरिचित विषय नाही. मात्र त्याची चर्चा बहुधा 'स्त्रीदुःख' या एकाच सदराखाली झालेली आढळते. अपत्यहीन स्त्रीची व्यथा, तिची व्रतवैकल्ये, तिला सोसावे लागणारे टोमणे यांकडे समीक्षेचे लक्ष गेले. परंतु त्याच घरातील पुरुष या प्रश्नात कोठे उभा असतो, याचा विचार तुलनेने कमी झाला. प्रेमसंबंध आणि वंशाची अपेक्षा यांचा संघर्ष ज्या नाटकांत केंद्रस्थानी आहे, तेथे तर पुरुषत्वाच्या कल्पनेची तपासणी केल्याशिवाय नाटकाचा अर्थच हाती येत नाही. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' आणि सुरेंद्र वर्मा यांचे 'सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक' हे हिंदी नाटक या दोन कृतींच्या आधारे हा प्रश्न येथे पाहावयाचा आहे. वर्मा यांच्या नाटकावरून अमोल पालेकर यांनी २००३ मध्ये 'अनाहत' हा मराठी चित्रपट केला. त्यामुळे ही कृती मराठी रसिकाच्याही परिचयाची झाली आहे.

शब्दांचा पुरावा

प्रारंभी भाषेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'वांझ' आणि 'वांझोटी' हे शब्द मराठीत माणसांपुरते स्त्रीलाच लावले जातात. जमीन वांझ असते, झाड वांझ असते, चर्चाही वांझोटी असते. पुरुषाला मात्र हे विशेषण सहसा लागत नाही. पुरुषासाठी 'नपुंसक' किंवा 'षंढ' हे शब्द आहेत आणि ते समागमाच्या असमर्थतेचे वाचक आहेत. समागमास समर्थ, परंतु प्रजोत्पादनास असमर्थ अशा पुरुषाला बोलभाषेत स्वतंत्र नाव नाही. 'निपुत्रिक' हा शब्द दोघांनाही लागू पडतो, पण तो केवळ सामाजिक स्थिती सांगतो. कारणाविषयी मौन पाळतो.

भाषेतील या रिक्त जागेचे परिणाम दूरगामी आहेत. पुरुषाच्या बीजात दोष असल्याचे मान्य करणे म्हणजे त्याच्या पौरुषालाच नकार देणे, असे समीकरण तयार होते. ते टाळण्यासाठी दोष स्त्रीच्या कुशीवर ढकलला जातो. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाशी संबंधित कारण एकटे वा अन्य कारणांसोबत आढळते, हे आज वैद्यकाने दाखवून दिले आहे. तरीही कुटुंबातील पहिला संशय सुनेवरच येतो. नाटककाराला संघर्षाचे बीज नेमके येथे सापडते.

नियोग : परंपरेने काढलेला मार्ग

पुरुषाच्या अपत्यहीनतेचा प्रश्न प्राचीन परंपरेने नाकारला नव्हता. तिने त्यावर व्यवस्था शोधली होती. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, ही धर्मशास्त्रातील कल्पना प्रसिद्ध आहे. क्षेत्र ज्याचे त्याचे पीक, या न्यायाने अन्य पुरुषाच्या बीजापासून झालेला 'क्षेत्रज' पुत्र पतीचाच मानला गेला. महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक मरण पावल्यावर सत्यवतीच्या आज्ञेने व्यासांनी अंबिका आणि अंबालिका यांच्या ठिकाणी पुत्र उत्पन्न केले आणि कुरुवंश टिकला.

या व्यवस्थेतील एक अट विशेष लक्षणीय आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नियोगाचा विधी सांगताना, नियुक्त पुरुषाने अंगाला तूप माखून, रात्री, मौन पाळून स्त्रीकडे जावे असे म्हटले आहे. पुढे त्याच अध्यायात नियोगाचा निषेधही येतो. विधी असो वा निषेध, दोहोंत कामभावनेला स्थान नाही. स्त्रीची इच्छा हा तर विचाराचा विषयच नाही. अंबिकेने भयाने डोळे मिटले म्हणून पुत्र अंध झाला, या कथेत तिच्या अनिच्छेची नोंद आहे. पण ती नोंद तिच्या दोषाच्या रूपाने केलेली आहे. दोन्ही आधुनिक नाटककारांनी, आपापल्या परीने, या वगळलेल्या इच्छेलाच रंगभूमीवर आणले आहे.

'गिधाडे' : मान्यतेवाचूनचा नियोग

'गिधाडे' हे नाटक १९६१ च्या सुमारास लिहिले गेले आणि १९७० मध्ये श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यातील हिंसेची आणि भाषेची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु पितळे कुटुंबाच्या या विध्वंसकथेच्या मध्यभागी रमा आणि रजनीनाथ यांची प्रेमकथा आहे, आणि त्या प्रेमकथेचे मूळ रमाच्या अपत्यहीनतेत आहे.

रमाकांतला मूल हवे आहे. त्यासाठी तो पत्नीला साधू-बुवांकडे नेतो, अंगारेधुपारे करवतो. स्वतःकडे पाहण्याची मात्र त्याची तयारी नाही. मौन सोडून रमा बोलते तेव्हा ती दोष कुशीत नसून मद्याने निकामी झालेल्या बीजात असल्याचे उघड करते. परंपरेने तिला दिलेली 'क्षेत्रा'ची भूमिका ती येथे धुडकावत नाही. त्याच भूमिकेच्या भाषेत ती बीजाचा हिशेब मागते. आरोपीच्या जागी उभी केलेली स्त्री साक्षीदार होते, हे या प्रसंगाचे नाट्यमूल्य आहे.

रमाला मातृत्वाची शक्यता मिळते ती रजनीनाथकडून. रजनीनाथ हा पप्पांचा अनौरस पुत्र, म्हणजे नात्याने रमाचा दीरच. धर्मशास्त्राने नियोगासाठी प्रथम ज्याचा विचार केला तो दीर. रक्ताच्या दृष्टीने पाहिल्यास रमाच्या उदरातील गर्भ पितळे वंशाचाच आहे. हस्तिनापुरात जे कृत्य वंशरक्षणाचा धर्म ठरले, तेच पितळ्यांच्या घरात पाप ठरते. फरक एवढाच, की येथे कोणा सासूची आज्ञा नाही, कुटुंबाची संमती नाही. एका स्त्रीची निवड आहे आणि त्या निवडीत प्रेम आहे. ज्या वंशासाठी रमाकांत बुवांचे उंबरठे झिजवत होता, त्याच वंशाचा गर्भ तो सहन करू शकत नाही. त्याला मूल हवे होते यापेक्षा, मूल हा आपल्या पौरुषाचा पुरावा म्हणून हवा होता, हे यातून स्पष्ट होते. तो गर्भ जन्माला येत नाही. माणिकच्या गर्भाची भावांनी केलेली हत्या याच्या शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे या घरात गर्भ हीदेखील मालमत्तेसारखीच वस्तू आहे हे ध्यानी येते.

येथे तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकातील काशीकर दांपत्याची आठवण व्हावी. हे दांपत्य निपुत्रिक असून त्यांनी रोकडेला वाढविले आहे. काशीकरांच्या प्रतिष्ठेला त्याने कोणतीही बाधा येत नाही. मातृत्वाच्या पावित्र्याविषयी बोलण्याचा आणि बेणारेच्या गर्भाचा नाश करण्याचा निर्णय देण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो.

शीलवती : आज्ञेतून उगवलेली इच्छा

वर्मा यांच्या नाटकात परिस्थिती उलट आहे. मल्ल राज्याचा राजा ओक्काक पौरुषहीन आहे आणि राज्याला वारस हवा आहे. अमात्य परिषद राणी शीलवतीला एका रात्रीसाठी उपपती निवडण्यास भाग पाडते. येथे रमासारखी चोरी नाही. राजाज्ञा आहे, विधी आहे, प्रजेची साक्ष आहे. शीलवती आरंभी या व्यवस्थेचे केवळ साधन असते. ती आपल्या पूर्वपरिचित प्रतोषची निवड करते आणि त्या रात्री तिला आपल्या देहाचा व सुखाचा बोध होतो.

सकाळी परतलेली शीलवती परिषदेला नको असते. वारसासाठी तिचा देह वापरणे धर्मसंमत होते; त्या देहाने सुख अनुभवणे आणि ते बोलून दाखविणे मात्र असह्य ठरते. तूप माखून मौन पाळण्याची जुनी अट येथे मोडली जाते. ओक्काकचे चित्रणही एकसुरी नाही. रात्रभर महालात तळमळणारा हा राजा सत्ताधीश असूनही त्याच व्यवस्थेचा बळी आहे, कारण तिने त्याच्यापुढे पुरुषत्वाचा दुसरा कोणताही अर्थ ठेवलेला नाही. रमाकांत आपला न्यून हिंसेत लपवितो. ओक्काकला तो लपविण्याचीही सोय नाही.

समारोप

दोन्ही नाटकांची तुलना केल्यास एक सूत्र हाती येते. रमाचे कृत्य अमान्य आहे आणि शीलवतीचे मान्य. तरीही दोघींविरुद्धचा क्षोभ एकाच ठिकाणी उद्भवतो. तो परपुरुषाच्या संबंधाविरुद्ध असण्यापेक्षा स्त्रीच्या इच्छेविरुद्ध आहे. पितृसत्ताक कुटुंब बीजाची उसनवार पत्करू शकते. क्षेत्राला इच्छा असल्याचे ते पत्करू शकत नाही. या नाटकांतील प्रेम म्हणूनच सजावटीचे उपकथानक राहत नाही. ते वंशव्यवस्थेवर प्रश्न उपस्थित करणारे नाट्यसाधन बनते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ मध्ये परीक्षानलिका-बालकाचा जन्म झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला. २०२१ मध्ये साहाय्यित प्रजनन आणि सरोगसी यांविषयीचे कायदेही झाले. 'मला आई व्हायचंय!' (२०११) या चित्रपटाने सरोगसीचा विषय मराठी प्रेक्षकासमोर आणला. साधने बदलली आहेत. परंतु मूल कोणाच्या इच्छेने आणि कोणाच्या प्रतिष्ठेसाठी, हा रमा आणि शीलवती यांनी विचारलेला प्रश्न या नव्या साधनांनाही विचारावा लागतो. पदव्युत्तर वर्गात ही नाटके शिकविताना, त्यांतील हिंसा वा शृंगार यांपाशी न थांबता, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.