शाळा तीच, अनुभव वेगळे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेबद्दल एकाच गावातल्या दोन पालकांना विचारून पाहा. एक म्हणेल, "गुरुजी फार चांगले. पोरगी दुसरीतच धडाधडा वाचायला लागली." दुसरा म्हणेल, "कसली शाळा! पोरगं चौथीत गेलं, अजून जोडाक्षर वाचता येत नाही." ऐकणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे. बहुधा तसे नसते. दोघेही आपापल्या मुलाचे खरेच सांगत असतात. मग शाळा एक असताना अनुभव दोन का?

पहिले कारण शिक्षकांच्या संख्येत आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक सांगितले आहेत. लहान गावात पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन, हे चित्र नेहमीचे. तिसरीला गुणाकार शिकवताना चौथीला शुद्धलेखन लिहायला बसवावे लागते. बाई रजेवर गेल्या, की चारही वर्ग गुरुजींकडे. शिवाय जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या वेळची मदत ही कामे शिक्षकांना लावायला कायद्यानेच मुभा आहे. ज्याचे मूल दोन्ही शिक्षक हजर असलेल्या वर्षी दुसरीत होते, त्याचा अनुभव चांगला. बदली होऊन जागा रिकामी राहिली त्या वर्षी ज्याचे मूल दुसरीत होते, त्याचा वाईट. वाचनाचा पाया ज्या वर्षी घालायचा ते वर्षच हातचे गेले, तर पुढचे वर्ग जड जातात.

दुसरे कारण अपेक्षांचे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला शाळा घराजवळ आहे, पुस्तके फुकट मिळतात आणि दुपारी पोर उपाशी राहत नाही, याचे मोल मोठे असते. शालेय पोषण आहाराची योजना देशात १९९५ साली सुरू झाली. शाळेत शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. पण खाऊनपिऊन सुखी असलेल्या दुकानदाराला त्या खिचडीचे काय? तो विचारतो, इंग्रजीचे काय, संगणकाचे काय? दोघांचे मोजमापच वेगळे.

तिसरे कारण थोडे अवघड आहे, पण बोलले पाहिजे. शाळेत कोणाचे ऐकून घेतले जाते? गावातला वजनदार माणूस आला की त्याला खुर्ची मिळते, मुलाची चौकशी होते. मजुरी करणारी बाई दारातच उभी राहते. पालकांची बैठक सकाळी अकराला ठेवली, तर तिची दिवसाची मजुरी बुडते. ती आली नाही, की "पालक लक्षच देत नाहीत" असा शेरा पडतो.

खरे तर कायद्याने तिच्यासाठी जागा ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे. मात्र रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या, तर समिती कागदावरच राहते.

यात पणाला काय लागले आहे? नाराज पालक मुलाचा दाखला काढतो आणि गाडीने लांबच्या इंग्रजी शाळेत धाडतो. तो त्याचा अधिकार आहे. पण शिक्षकांची पदे पटावर ठरतात. निकष वेळोवेळी बदलत असले, तरी परिशिष्टातले गणितच पाहा : ६१व्या मुलाने शाळा सोडली, की तिसऱ्या शिक्षकाचा आधार जातो. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही, त्यांच्या मुलांच्या वाट्याला मग आणखी दाटीचा वर्ग येतो.

म्हणून ऐकीव मतावर निर्णय घेऊ नये. कोणी शाळेला नावे ठेवली किंवा तिची स्तुती केली, तर विचारावे : कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात, तेव्हा शिक्षक किती होते? मग आपले मूल घरीच तपासावे. दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी करायला सांगा. 'असर'चे कार्यकर्ते २००५ सालापासून घरोघर जाऊन अशीच तपासणी करीत आले आहेत. आईवडिलांना वाचता येत नसेल, तर शेजारच्या शिकलेल्या मुलाला बसवा.

आणि मग शाळेत जा. मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती पालकांना सांगणे हे कायद्याने शिक्षकांचे कर्तव्य आहे. "माझं मूल कुठं अडलंय आणि पुढच्या दोन महिन्यांत काय करणार?" एवढे विचारायला शिक्षण लागत नाही. समितीची बैठक संध्याकाळी, कामावरून परतल्यावर ठेवा, अशी मागणी चार पालकांनी मिळून करावी. बैठकीत ठरलेले मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या बाईची सही आजवर घरी येऊन घेतली जात होती, तिला समोर बसून बोलता आले, तर तिच्या मुलाची अडचण गुरुजींनाही वेळेवर कळेल.