पुरा गावानं प्रश्न बदलला

प्रपोजलमध्ये ‘शाश्वत विकास’ हा शब्द आला की काम झालं, असं पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. संयुक्त राष्ट्रांची 2015 ची 17 उद्दिष्टं आहेतच, त्यातली दोन-तीन आपल्या विषयाला चिकटवायची! आमच्या सरांनी समासात एवढंच लिहिलं : “हा प्रश्न नक्की कोणाचा?” मला उत्तर देता येईना.

तुम्हालाही हे कोणीतरी विचारणारच, म्हणून एक जुनं उदाहरण सांगते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये अमूल्य रेड्डी आणि सहकाऱ्यांनी ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू केला. त्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या छोट्या गावात सामुदायिक गोबरगॅस प्रकल्प उभारला. हेतू स्वच्छ होता : घराघरात स्वयंपाकाला गॅस. पण गावातलं शेण सगळ्यांच्या चुलींना पुरेना. शिवाय सरपण गोळा करायला पैसे पडत नव्हते, कष्ट पडत होते. (ते कष्ट कोणाचे, हे सांगायला नको.) प्रकल्प रखडला.

एरवी इथेच ‘मर्यादा’ नावाचं प्रकरण लिहून प्रबंध संपतो. इथे मात्र संशोधकांनी गावकऱ्यांनाच विचारलं, तुम्हाला हवंय काय? उत्तर आलं : पिण्याचं पाणी. मग तोच गॅस थोड्या डिझेलच्या जोडीनं इंजिनात वापरला. त्यावर वीज तयार झाली, बोअरवेलचा पंप चालला, घरात दिवे लागले. चुलींच्या मानानं पंप आणि दिव्यांना गॅस कमी लागतो, त्यामुळे तेवढंच शेण पुरलं. शेण आणून देणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळे आणि उरलेली मळी खत म्हणून परत जाई. 1987 पासून बरीच वर्षं हे चाललं. पुढे ते बंदही पडलं. रेड्डींनी त्याचे धडे 2004 मध्ये लेख लिहून मांडले.

मला यात यंत्रापेक्षा वेळ महत्त्वाचा वाटतो. पहिला प्रयोग फसल्यावरही संस्था त्या गावात टिकून राहिली. आपली फेलोशिप मोजक्या वर्षांची, त्यातलं एक कोर्सवर्कमध्येच जातं. म्हणून विषय निवडताना बघा, तुमच्या विभागाचं एखाद्या गावाशी किंवा वस्तीशी आधीपासून नातं आहे का? असेल तर तुमचा प्रश्न चुकला तरी दुरुस्त करायला जागा राहते.

मी प्रपोजलमधली उद्दिष्टं काढली नाहीत. पण पहिले चार महिने नुसतं विचारायला ठेवलेत. समितीला ते पटतंय का, पुढच्या महिन्यात कळेल.