नैतिक अधःपतन : कसोटी कोणाच्या नीतीची?

मूर्तिजापुरात शिकवताना चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात घेऊन आलेली मुले मी दरवर्षी पाहतो. यंदा आलेल्या मुलावर मोर्चाची केस होती. गुन्हा कबूल करून, दंड भरून तो सुटला होता. ‘सर, हे नैतिक अधःपतनात धरतात काय? लिहू का नको?’

हा शब्द माणसाची नोकरी अडवतो, वकिलीची सनद अडवतो. पण त्याची व्याख्या जुन्या दंडसंहितेत नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही नाही. न्यायालये साधारण तीन कसोट्या लावतात : कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकाला धक्का बसतो काय? त्यामागचा हेतू नीच होता काय? ते करणारा समाजाच्या नजरेतून उतरतो काय? म्हणून लाचखोरी, अफरातफर, बलात्कार हे गुन्हे यात येतात. प्रत्येक शिक्षा मात्र येत नाही. अश्लील वर्तनाबद्दल वीस रुपये दंड झाला म्हणून हरियाणातील एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली होती; तेवढ्याने अधःपतन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवले.

आपला प्रश्न पुढेच आहे. कसोटीतला हा ‘समाज’ कोण? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. लाठ्या चालवणारे गावाच्या नजरेतून उतरले नाहीत. उलट तळेच बाटले म्हणून सवर्णांनी त्याची शुद्धी केली. १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर गेली नाही.

याच नजरेला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत उत्तर दिले होते : संविधानिक नीती उपजत नसते, ती रुजवावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मध्ये अस्पृश्यता पाळल्याबद्दलची शिक्षा निवडणुकीच्या अपात्रतेत घातली आहे. तिथे गावाला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. नैतिक अधःपतनाची कसोटीही हीच असली पाहिजे.

त्या मुलाला मी सांगितले, ‘खरे तेच लिही. लपवणे हा वेगळा दोष धरला जातो. तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखी किरकोळ बाब नेमणूक करणाऱ्याला माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आहे. नोकरीची हमी मात्र त्यात नाही.’

त्याने माझ्यासमोरच फॉर्म भरला. हक्क मागणाऱ्याने मान खाली घालावी, असे त्यात काही नव्हते.